कोपऱ्यातलं कोमट मशीन

पार्सल आलं तेव्हा मशीनमामा गॅससमोर दुधावर पहारा करत उभे होते. बेल वाजली, ते दाराशी गेले, कुरिअरवाल्याच्या फोनवर बोटानं वेडीवाकडी सही केली, खोका कानाशी नेऊन हलवून बघितला, आणि तेवढ्यात दुधानं डाव साधला. ते परत येईपर्यंत अर्धं दूध शेगडीवर, थोडं ओट्यावर आणि उरलंसुरलं पातेल्यात.

या घरात दूध उतू जाणं ही साधीसुधी बाब नव्हती. एरवी मामींनी आतल्या खोलीतून घर डोक्यावर घेतलं असतं. दुधावरून सुरू झालेली गाडी मामांच्या वेंधळेपणावर, तिथून त्यांच्या थोरल्या भावावर आणि शेवटी त्या घराण्यातल्या समस्त पुरुषांवर जाऊन थांबली असती. पण आज मामी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, करपल्याचा वास त्यांच्यापर्यंत पोचला होता, आणि त्या इतकंच म्हणाल्या, "असू दे. पुसा सावकाश."

ते 'असू दे' मामांना फार लागलं. फडक्यानं ओटा पुसताना ते मनातल्या मनात म्हणाले, अगं बाई, एकदा तरी ओरड.

काही महिन्यांपूर्वी मामींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखाना झाला, औषधं झाली, पाय हळूहळू ताळ्यावर आला, जीभ तर लगेचच सुटली. हात मात्र रुसून बसला तो बसलाच. हलायचा, नाही असं नाही, पण बोटं धड मिटत नसत आणि साधा पेला धरवत नसे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी एक निळा रबरी चेंडू देऊन गेली होती. हा येताजाता दाबत राहायचा, जितका दाबाल तितकी बोटं तुमचं ऐकतील, असं तिनं समजावून सांगितलं. मामींनी तो थोडे दिवस दाबून बघितला. चेंडू जसाच्या तसा राहिला. मग एके दिवशी त्यांनी त्याच्याकडे बघणंच सोडलं. मुलगी आली की विचारायची, "केला का व्यायाम?" मामी म्हणायच्या, "करीन." मुलगी गोड होती आणि तिला ते 'करीन' खरं वाटायचं. डॉक्टरांनी मात्र मामांना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं. हात सुधारण्यासारखा आहे, पण औषधानं नाही, त्यांच्या स्वतःच्या हट्टानं. आणि हे सुरुवातीचे महिने वाया गेले, तर पुढे हट्टाचाही फारसा उपयोग व्हायचा नाही.

हट्ट! ज्या हट्टाशी मामांनी जन्मभर सामना केला, तो नेमका हवा तेव्हा कुठे तोंड लपवून बसला कोण जाणे. ज्यावर मामींना मत नाही असा विषय पूर्वी जगात नव्हता. पडद्यांचा रंग, शेजारणीची सून, बातम्या सांगणाऱ्या बाईचे केस, सगळ्यावर त्यांचं म्हणणं तयार असे. आता जेवायला काय करू विचारलं तर "काहीही चालेल." पंखा लावू? "चालेल." बंद करू? "चालेल." मामांनी एकदा चहात मुद्दाम साखर घातली नाही. मामींनी तो चहा निमूटपणे पिऊन कप खाली ठेवला. त्या दिवशी मामा न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले.

खोका लेकीनं पाठवला होता. ती नवऱ्याबरोबर लांबच्या शहरात राहायची आणि आईच्या काळजीनं अर्धी झाली होती. पण हा खोका आईसाठी नव्हता, बाबांसाठी होता. "दिवसभर आईच्या तोंडाकडे बघत बसता, तुमचंही डोकं जरा दुसरीकडे लागू दे," असं ती फोनवर म्हणाली होती. "तुमच्या दुकानातले सगळे खेळ आहेत त्यात. खेळून बघा आणि कसं वाटलं ते मला सांगा. त्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

इथेच खरी गोम होती.

मशीनमामा हे नाव त्यांना शाळेतल्या मुलांनी दिलं. शाळेच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. लांबट, अंधारी खोली, दोन्ही भिंतींना पुरुषभर उंचीची मशीनं, दाराशी गल्ला आणि गल्ल्यामागे उंच स्टुलावर मामा. ज्या म्हाताऱ्याकडून त्यांनी दुकान घेतलं, त्यानं किल्ल्यांचा जुडगा हातात देताना एकच गोष्ट बजावली होती. गल्ल्यावर बसणाऱ्यानं खेळायचं नाही. एकदा दांडा हातात घेतला की गल्ल्याकडे पाठ होते, आणि पाठ झाली की दुकान बुडालं म्हणून समज. मामांनी तशी खूणगाठ बांधली आणि दुकान बंद होईपर्यंत एकदाही खेळले नाहीत. बटणाची स्प्रिंग बदलली तरी ती चालते का हे बघायला ते कुणातरी मुलाला उभं करत आणि स्वतः मागे सरकत.

खेळले नाहीत, पण बघितलं मात्र खूप. बघितलं म्हणजे पाठी बघितल्या. त्या मुलांचे चेहरे आता त्यांना आठवत नाहीत, पाठी आठवतात. खांदे कानापर्यंत चढले की हा आता मरणार, कंबर डावीकडे कलली की शिडी गाठली, मान खाली गेली की खेळ खलास. पुढे पुढे तर बघायचीही गरज उरली नाही. पेपरातून मान वर न काढता, नुसत्या आवाजावरून ते कोण कुठल्या मजल्यावर आहे ते सांगत. मुलं थक्क व्हायची. घरी लेकीचा ठाम समज झाला की आपले बाबा म्हणजे या खेळांतले उस्ताद. शाळेत तिनं तशा फुशारक्याही मारल्या. मामांनी तो समज कधी दूर केला नाही. कुठल्या बापाला करवला असता?

त्या दुकानातली एकच गोष्ट मामांना शेवटपर्यंत उलगडली नाही. दुपारी मुलं शाळेत असत. तेव्हा मामा एकेका मशीनचं बटण बंद करून, मेन स्विच पाडून घरी जेवायला येत आणि जेवून थोडे आडवे होत. त्या वेळात मामी किल्ल्यांचा जुडगा घेऊन दुकान झाडायला जात, कारण मुलं कागदांचा नुसता उकिरडा करून ठेवत आणि मामांच्या झाडण्यावर मामींचा काडीचा विश्वास नव्हता. झोप झाली की मामा जात, मामी घरी येत, आणि मामा मशीनांच्या काचा पुसायला घेत. सगळ्या काचा गार असायच्या. कोपऱ्यातल्या मशीनची तेवढी कोमट. रोज नाही, पण बहुतेक दिवशी.

मेन पाडलेला असताना ही ऊब येते कुठून? कुठेतरी वीज झिरपत असणार, आणि एक दिवस सगळं दुकान पेटणार. त्यांनी वायरमन आणला. त्यानं भिंत फोडून नवी तार ओढली. काच कोमटच. दुसरा आणला. त्यानं मागच्या अंगणात खड्डा खणून नव्यानं अर्थिंग केलं. काच कोमटच. तिसरा काचेवर हात ठेवून बराच वेळ विचार करत उभा राहिला, जागेतच दोष आहे म्हणाला आणि निघून गेला. अखेर मामांनी हात टेकले आणि त्या मशीनशेजारी वाळू भरलेली एक बादली आणून ठेवली. पुढची सगळी वर्षं त्यांनी एक डोळा त्या कोपऱ्यावर ठेवून काढली. कालांतरानं मुलांच्या घरोघरी संगणक आले, खिशात फोन आले, दुकान बंद झालं. मशीनं भंगारात गेली, बादलीतली वाळू कुंड्यांत गेली, पण ती कोमट काच काही मामांच्या डोक्यातून गेली नाही.

असो. तर ओटा पुसून झाल्यावर मामा खोका घेऊन आत आले आणि मामींच्या शेजारी पलंगावर बसले. "लेकीनं पाठवलंय," ते म्हणाले. "हं," मामी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. पूर्वी मामींनी त्या चादरींच्या पिळण्यावरही शेरा मारला असता.

खोक्यात खोका, त्यात मऊ कागद, आणि कागदात चष्म्याच्या घराएवढं एक करडं यंत्र. मामांनी ते आधी तळहातावर तोललं. फारच हलकं. त्यांच्या लेखी मशीन ही चार जणांनी मिळून उचलायची वस्तू होती, आणि हे तर पंखा जोरात लावला तर उडून जाईल. त्यांनी पाठ उलटून स्क्रू बघितले. बारीक होते, पण सगळे सरळ बसवलेले, एकाचाही माथा घासलेला नव्हता. हे त्यांना आवडलं. पुढच्या अंगाला डावीकडे बेरजेच्या खुणेसारखं एक बटण आणि उजवीकडे गोल, लाल बटणं. एकेक बटण त्यांनी कानाशी धरून दाबलं. जुनी बटणं कशी खटकन वाजायची, खाली स्प्रिंग असल्याचं बोटाला कळायचं. ही दाबली तर नुसती मऊ लागायची, आत रबर असल्यासारखी. हे रबर लवकरच बसणार, असं भाकीत मामांनी मनाशी करून टाकलं.

मग त्यांच्या लक्षात आलं की आपला अंगठा मघापासून यंत्राच्या खालच्या कडेवरून सारखा फिरतोय. तो नाणं टाकायची फट शोधत होता. गंमत म्हणजे फट सापडलीही, पण ती नखाएवढी होती आणि तिच्यात मेमरी कार्ड बसवलेलं होतं.

त्यांनी यंत्र सुरू केलं. पडदा असा लख्ख उजळला की त्यांनी डोळे बारीक केले. रंग चांगले होते, जरा जास्तच चांगले होते. जुन्या काचेवर रंग एकमेकांत थोडे पसरायचे, कडा मऊ असायच्या. इथे ठिपका अन् ठिपका सुटा दिसत होता. खेळांची यादी आली ती संपेचना. मामा बटण दाबत राहिले आणि नावं खाली सरकत राहिली. त्यांच्या अख्ख्या दुकानात जेवढे खेळ होते, ते यादीच्या एका कोपऱ्यात मावले असते. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण थोडं वाईटच वाटलं. ते दुकान, ती जड मशीनं, ते काचा पुसणं, सगळं या डबीत कुठेतरी बसवून वर भरपूर जागा उरली होती.

आणि मग त्यांना टोपीवाला दिसला.

त्या खेळाचं खरं नाव परदेशी होतं आणि ते कुणी कधी उच्चारलं नाही. मुलं त्याला टोपीवालाच म्हणायची. टोपी घातलेला एक ठेंगू पोस्टमन उंच मनोऱ्यावर चढतो. प्रत्येक मजल्यावर पळायचं, शिडी गाठायची आणि वरून निखळणाऱ्या विटा चुकवायच्या. डाव्या हातानं त्याला पळवायचं, उजव्या हाताच्या एकाच बटणानं उडी मारायची, बास. हा खेळ कोपऱ्यातल्या त्या मशीनवर होता. मामांनी तो लावला आणि नखाएवढ्या जाळीतून सुरुवातीची धून आली. आवाज चिरका होता, पण धून अगदी तीच होती. मामांच्या अंगावर काटा आला.

पहिली वीट पोस्टमनच्या डोक्यात बसली. दुसऱ्या खेपेला मामा विटेकडे बघत राहिले, तिनंही त्याला सोडलं नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी उडी मारली, पण मधल्या शिडीवर चढायला गेले आणि ती शिडी अर्ध्यातच संपली. वीट पडायच्या आधी येणारा बारीक 'टिक' त्यांना चांगला ठाऊक होता, झोपेतही ओळखला असता. पण डोळे पडद्यावर खिळले की कान काम करेनासे होत. एवढी वर्षं ज्या खेळाच्या आवाजावर ते पेपर वाचत बसले, त्या खेळानं त्यांची पार शोभा केली. बरं झालं, लेक इथे नाही, असं त्यांना वाटलं.

"मधल्या शिडीनं जाऊ नका," मामी म्हणाल्या. "ती फसवी आहे."

मामांनी वर बघितलं. मामी अजूनही खिडकीबाहेरच बघत होत्या.

"तुला काय माहीत?"

"मुलं बोलायची ना," मामी म्हणाल्या.

मामांनी पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा मेले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मामींनी एक सुस्कारा टाकला. मग मान वळवली. मग म्हणाल्या, "आणा बघू इकडे."

मामांनी यंत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. मामींनी निर्जीवपणे पडलेला आपला उजवा पंजा डाव्या हातानं उचलून यंत्राखाली सारला, म्हणजे ते हलणार नाही, आणि डावा अंगठा त्या बेरजेच्या बटणावर टेकवला. पोस्टमन पळायला लागला. त्या त्याला उडी न मारता नुसता पळवत होत्या. दोन पावलं पुढे, जरा थांब, वीट पडू दे, मग पळ. विटा त्याच्या मागे पडत होत्या, पुढे पडत होत्या, अंगावर एकही नाही. त्यानं शेवटची शिडी गाठली आणि वरच्या मजल्याची धून वाजली. मामा तोंड उघडं टाकून बघत राहिले.

दुसऱ्या मजल्यावर जमिनीला भगदाड होतं. तिथे उडी मारण्याला पर्याय नव्हता. मामींनी उजव्या बोटांकडे बघितलं. अंगठा थरथरला, लाल बटणाच्या जवळ गेला आणि तिथेच राहिला. पोस्टमन भगदाडात पडला.

"जाऊ दे," मामी म्हणाल्या. "दोन हातांचं काम आहे हे."

त्यांनी यंत्र बाजूला सारलं. हे 'जाऊ दे' मामांच्या चांगल्या ओळखीचं होतं. याच्यामागून दिवसभराचं 'चालेल' येतं, हे त्यांना माहीत होतं. एवढ्यात खिडकीकडे वळू लागलेली मामींची मान त्यांनी बघितली. ते उठले, स्टूल ओढून मामींच्या उजव्या हाताला बसले आणि यंत्र परत त्यांच्या मांडीवर ठेवून आपला अंगठा लाल बटणावर टेकवला.

"उडीचं माझ्याकडे," ते म्हणाले. "तू पळव."

मामींनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग अंगठा ठेवला.

"उडी," त्या म्हणाल्या. पोस्टमन पडला. "उडी म्हटलं ना?"

"मारली की."

"पडल्यावर मारलीत. पडायच्या आधी मारायची." पुन्हा सुरू. "उडी! अहो, उडी!" पुन्हा पडला. "तुम्हाला उडी म्हणजे काय चिठ्ठी पाठवून कळवायचं का?"

मामांचं लक्ष आता खेळात नव्हतं. ते त्या डाव्या अंगठ्याकडे बघत होते. असा अंगठा मुलांच्या बोलण्यावरून तयार होत नाही. वर्षानुवर्षं घासावा लागतो. कुठे घासला असेल हा? दुकान झाडून व्हायला लागतो तरी किती वेळ? आणि मग त्यांना एकदम लख्ख समजलं.

"अगं," ते म्हणाले, "ती काच."

"कुठली काच?"

"कोपऱ्यातल्या मशीनची. दुपारी कोमट असायची ती."

मामींचा अंगठा थांबला. पोस्टमनच्या टाळक्यात वीट पडली, पण त्याचं दोघांनाही काही वाटलं नाही.

"तुम्हाला आत्ता कळतंय?" मामी म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला केव्हाच कळलंय आणि तुम्ही मोठ्या मनानं गप्प बसलात."

"गप्प? अगं, मी तीन वायरमन आणले!"

"हो ना. त्या दुसऱ्यानं खड्डा खणला तेव्हा मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होते. त्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही वाळूची बादली घेऊन आलात. एवढी जड बादली, एवढ्या लांबून, घामाघूम होऊन. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगू?"

"पण नाणं कुठून टाकायचीस?"

"नाणं कशाला? मागच्या झाकणाची किल्ली त्याच जुडग्यात होती. आतली पत्र्याची पट्टी दाबली की खेळ मिळतो. तुम्हीच दाखवलं होतंत, नवं लग्न झालं तेव्हा, शेखी मिरवायला."

मामा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "आणि वरपर्यंत गेलीस कधी?"

"कुठली जाते! अगदी वर, घंटेच्या मजल्यापर्यंत पोचायचे आणि तुमच्या चपला वाजायच्या. मग बटण बंद कर, मेन पाड, केरसुणी उचल, तोंड पूस. तुमची झोप म्हणजे अशी, डोळा लागला न लागला की उठलात. एक दिवस पोटभर झोपला असतात तर काय बिघडलं असतं हो तुमचं?"

हे त्या खऱ्याखुऱ्या रागानं बोलल्या. इतक्या वर्षांचा साठवलेला राग होता तो. मामा हसायचे थांबले. त्यांच्या डोळ्यांसमोर दुपारचं बंद दुकान आलं. अर्धवट ओढलेलं दार, भिंतीला टेकवलेली केरसुणी, कोपऱ्यात उजळलेली एकच काच, आणि तिच्यासमोर उभी असलेली एक तरुण बाई, खांदे कानापर्यंत चढलेले. गल्लीतल्या पोरापोराची पाठ ओळखणाऱ्या मामांनी ही एक पाठ कधी बघितली नव्हती. थोडे लवकर गेले असते आणि दारातच उभे राहिले असते, तरी दिसली असती. त्यांना याचं फार वाईट वाटलं.

"चला," मामी म्हणाल्या. "आणि तुम्ही बघताय कशाला? बघून तुम्हाला कधी काही जमलंय? पेपर वाचता वाचता सांगायचात ना, हा आता मरणार म्हणून? तसं करा. ऐका नुसतं."

मामांनी स्टूल फिरवलं. ते आता मामींच्या शेजारीच, पण तोंड भिंतीकडे करून बसले, आणि उजवा हात वळवून अंगठा लाल बटणावर ठेवला. डोळे मिटले. धून वाजली. पोस्टमनची पावलं टपटप ऐकू आली. मग तो ओळखीचा बारीक 'टिक' आला आणि मामांचा अंगठा आपसूक दबला.

"हां," मामी म्हणाल्या.

टिक, उडी. टिक, उडी. भगदाडं मामी सांगत होत्या, विटा मामांचे कान सांगत होते. मजला संपल्याची धून वाजली, पुन्हा वाजली. समोरच्या गच्चीवरच्या चादरी वाळून कुणीतरी घेऊनही गेलं, त्यावर मामींनी एक शेराही मारला, आणि दोघं चढत राहिले. शेवटी घंटेचा मजला आला. इथे मनोऱ्यातली मोठी घंटा सारखी वाजत असते आणि तिच्या ठणठणाटात तो 'टिक' बुडून जातो. मुलं नेमकी इथेच मरायची, आणि मामांना त्यांचे पडलेले खांदे गल्ल्यावरून दिसायचे. मामांनी कान टवकारले, पण घंटेखेरीज काही ऐकू आलं नाही. पोस्टमन मेला. पुन्हा सगळं चढून आले, पुन्हा तिथेच मेला.

"उशीर केलात."

"घंटेत ऐकू येत नाही गं."

"दिसतं ना पण. मला दिसत होतं. मला दिसून काय उपयोग?"

तेवढ्यात फोन वाजला. लेक होती. मामांनी फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, आलं ना? उघडलंत? हातात घेतल्यावर पहिल्यांदा काय वाटलं, सांगा ना!"

मामांनी घसा खाकरला. उस्तादाला शोभेल असं काहीतरी बोलायला हवं होतं. "छान आहे गं. हलकं आहे, रंग अगदी—"

"मी सांगते," मामी म्हणाल्या. "हे बघ, बटणं मऊ आहेत, दाबली की नाही तेच कळत नाही. आवाज डास गुणगुणल्यासारखा. पडदा इतका लख्ख की डोळे चुरचुरतात, तो मंद कसा करायचा ते आधी कळव. खेळ सगळे खरे आहेत, त्यात खोट नाही. पण हजारो खेळ कशाला भरलेत? माणूस खेळतो एक. आणि मुख्य म्हणजे तुझे बाबा. यांना काही येत नाही. उडी मारायला सांगावं तर पडल्यावर मारतात. उस्ताद म्हणे! अगं, ते आयुष्यात कधी खेळलेच नाहीत. तुला काय सांगून ठेवलं होतं यांनी, देव जाणे."

मामांना वाटलं, फोन कट झाला.

"आई," लेक म्हणाली.

"काय?"

"काही नाही. अजून सांग ना. अजून काय काय वाईट आहे?"

"आता वेळ नाही. नंतर कर," मामी म्हणाल्या आणि फोन बंद करायला मामांना खूण केली.

पडद्यावर पोस्टमन सुरुवातीच्या पायरीवर टोपी हलवत उभा होता.

"वर काय आहे हो?" मामींनी विचारलं. "तुम्ही बघितलंय ना?"

"बघितलंय. एक उंचसा मुलगा होता, तो एकदा—"

"नको. सांगू नका." मामींनी यंत्राखालचा आपला उजवा पंजा बाहेर काढला आणि नीट निरखून बघितला, बाजारातून आणलेली वस्तू बघावी तसा. "तुमच्या भरवशावर राहिले तर मी जन्मभर त्या घंटेखालीच मरत राहणार. उडी माझी मलाच मारता आली पाहिजे. तो चेंडू कुठे आहे?"

मामा उठले. चेंडू कपाटात नव्हता, खिडकीत नव्हता. तो पलंगाखाली अगदी भिंतीशी जाऊन बसला होता. मामांनी गुडघे टेकले, केरसुणीच्या दांड्यानं तो पुढे ओढला आणि धूळ झटकून शर्टाला पुसायला लागले.

"शर्टाला काय पुसता!" वरून आवाज आला. "घरात फडकं नाही? आणि मघाशी दूध कसं उतू घालवलंत? अर्धा दिवस झाला, वास मारतोय नुसता. तिथे उभे होतात ना? मग कशाला उभे होतात?"

मामा जमिनीवर तसेच बसून राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मामींना ते दिसत होतं, पण त्यांची गाडी सुटली होती. "तुमच्या घराण्यातच आहे ते. तुमचे थोरले भाऊ काय वेगळे होते?"

मामांनी चेंडू मामींच्या उजव्या तळहातावर ठेवला, एकेक बोट त्याच्याभोवती मिटवलं, आणि थोरल्या भावाबद्दलचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.